रिफ्रेशभाऊ

पिंपरी-चिंचवडचा रविवार गुरुवारी येतो. भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीत बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, आणि कारखाने बंदच आहेत तर तारा-रोहित्रांची कामं उरकून घेऊ म्हणून महावितरणचं शटडाऊनही गुरुवारचंच. कारखान्यांच्या बाजूनं पाहिलं तर यात खोट काढायला जागा नाही. खोट फक्त एका माणसाला दिसते. आठवडाभर चाकणला राबून तो गुरुवारी सकाळी आंघोळ उरकतो, कपाळाला गंध लावतो, जीटीए खेळायला बसतो आणि शहर पडद्यावर येतंय तोवर घरातला पंखा थांबतो. असा एकेक जण या पट्ट्यातल्या प्रत्येक सोसायटीत असतो. आमच्या मोशीतल्या सोसायटीतल्याला पोरं रिफ्रेशभाऊ म्हणतात.

खरं नाव लाइटबिलावर आणि गणपतीच्या पावतीवर आहे, पण ते कुणी वापरत नाही. हात माऊसवर पडला की त्याच्याकडून आधी उजवी कळ दाबली जाते आणि मग ‘रिफ्रेश’. पीसी चालू झाला, रिफ्रेश. गेम बंद झाला, रिफ्रेश. गावाकडून फोन आला, तर पाऊसपाण्याची चौकशी संपेपर्यंत रिफ्रेश. या आज्ञेनं पडद्यावरची चित्रं पुन्हा एकदा मांडली जातात. मेमरीतला एक बाइटही त्यानं मोकळा होत नाही. हे त्याला सांगून पाहा.

“माहितीये मला,” तो म्हणतो. “पण बरं वाटतं ना.”

कुणाला, ते मात्र सांगत नाही.

मूळचा बार्शीकडचा. आयटीआयला फिटर ट्रेड केला, अप्रेंटिस म्हणून इकडे आला आणि इथलाच झाला. संगणकाचा नाद लागला तो पिंपरीतल्या सायबर कॅफेत. २००३ साली जीटीए व्हाइस सिटी पीसीवर आला. त्याला किमान १२८ एमबी रॅम लागायची आणि कॅफेवाल्याच्या यंत्रात नेमकी तेवढीच असायची. त्यातच विंडोज, त्यातच अँटिव्हायरस. शहर यायला वेळ लागायचा, पण तासाचं मीटर बसल्याबसल्या सुरू व्हायचं. पैसे देऊन वाट पाहत बसायची सवय त्याच्या अंगात मुरली ती तेव्हा, आणि पुढे चाकणला नोकरी लागल्यावर तिचा फार उपयोग झाला. मोशीतून निघायचं, इंद्रायणीचा पूल ओलांडायचा, चिंबळी फाटा, कुरुळी, आळंदी फाटा करत तळेगाव चौक गाठायचा. हे अंतर किलोमीटरमध्ये विचारलं तर तो हसतो. “पहिल्या शिफ्टला विचारतोस का जनरलला?” एवढंच विचारतो.

आता त्याचं यंत्र. घरात त्याला ‘सीपीयू’ म्हणतात. आतल्या बोटभर चिपचं नाव अख्ख्या डब्याला देण्याची रीत आपल्याकडे सगळीकडेच आहे. २०१३ साली असेंबल करून घेतलेला, चार जीबी रॅम, एक टीबीची फिरती हार्ड डिस्क. त्यानंतरच्या प्रत्येक बोनसला या डब्याला काहीतरी मिळालं. एका दिवाळीला रंग बदलणारा कीबोर्ड आला, पुढच्या दिवाळीला पोटातून उजेड पडणारा माऊस. मग एक जुनं पण दणकट ग्राफिक कार्ड. मग काचेच्या दाराची नवी कॅबिनेट आणि तिच्यात निळे-जांभळे तीन पंखे. मग पाठीला उशी असलेली लाल खुर्ची. तिच्यात बसला की भाऊ बाजार समितीच्या सभापतीपदी बसल्यागत दिसतो. डोळ्यांना दिसणारं सगळं बदललं. रॅम दिसत नाही, ती राहिली.

जीटीए फाइव्ह पीसीवर आला २०१५ च्या एप्रिलमध्ये. त्याच्या अपेक्षांच्या यादीत स्पष्ट लिहिलंय, मेमरी किमान चार जीबी, शिफारस आठ जीबी. भाऊनं ‘किमान’ वाचलं आणि यादी मिटली.

“किमान चार लिहिलंय ना? मग झालं. किमान वेतनावर अर्धी एमआयडीसी चालते.”

चालते, हे खरं आहे. कशी चालते, ते त्याच्या घरी गुरुवारी पाहायला मिळतं. चार जीबीतली मोठी वाटणी विंडोज दाराशीच काढून घेते. अँटिव्हायरस त्याचा भाग घेतो. मागे ब्राउझर उघडा असतो, कारण वहिनींना सकाळी अभंग लागतात आणि ते यूट्यूबवर असतात. उरलेल्या जागेत लॉस सँटोस नावाचं अख्खं शहर मावायचं असतं, समुद्र, डोंगर आणि विमानतळासकट. मावत नाही. मग विंडोज आपल्या पद्धतीनं मार्ग काढते. मेमरीतली जी पानं जरा वेळ कुणी मागितली नाहीत ती उचलून हार्ड डिस्कवरच्या एका फायलीत नेऊन ठेवते आणि मोकळ्या जागेत नवी पानं आणते. तेवढ्यात गेमला नेमकं मघाचंच पान लागतं. ते परत आणायचं, तर दुसरं कुठलं तरी बाहेर न्यायचं. त्या दुसऱ्याची गरज पुढच्याच वळणावर पडते.

डिस्क सेकंदाला एकशेवीस फेऱ्या मारते. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण हवं ते पान सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी, म्हणजे चारेक मिलिसेकंद जातात, आणि त्याआधी सुईचा दांडा जागेवर न्यायला आणखी आठ-नऊ. एका खेपेला बारा-तेरा मिलिसेकंद. मेमरीतून तेच पान उचलायला याच्या लाखभर पटींनी कमी वेळ पुरतो. सेकंदाला तीस चित्रं दाखवायची म्हटली तर एका चित्राच्या वाट्याला तेहतीस मिलिसेकंद येतात; डिस्ककडे दोन-तीन खेपा झाल्या की ते चित्र हुकलं. आणि इथे खेपा शेकड्यानं असतात. कॅबिनेटवरचा लाल दिवा मग लुकलुकतही नाही, लागतो तो लागलेलाच राहतो. आतून खर्र खर्र असा आवाज यायला लागतो. शेजारच्या फ्लॅटमधल्या आजींना बरेच दिवस वाटत होतं की भाऊच्या घरी कुणीतरी पत्र्यावर सुपारी कातरतंय.

याचा भाऊच्या खेळण्यावर जो परिणाम झाला त्याला तोड नाही. जीटीएचं शहर एकदम येत नाही. तुम्ही गाडी पुढे न्याल तसा पुढचा भाग डिस्कवरून उचलला जातो. गाडी जितकी जोरात, तितकी डिस्कची तारांबळ. भाऊनं सुरुवातीला जगातल्या सगळ्यांसारखी स्पोर्ट्स कार चोरली आणि पिटाळली. दोन चौक ठीक गेले. तिसऱ्या चौकात रस्ताच आला नव्हता. इमारती होत्या, पण मेणाच्या. त्यांना खिडक्या फुटायच्या होत्या. गाडी राखाडी शून्यात शिरली आणि खालून समुद्र दिसायला लागला. “पालिकेचं काम आहे, खोदून ठेवलंय,” असं म्हणून भाऊनं गाडी वळवायचा प्रयत्न केला, पण वळण पडद्यावर उमटेपर्यंत तो बुडाला होता.

तेव्हापासून भाऊ लॉस सँटोसमध्ये ताशी तीसनं गाडी चालवतो. सिग्नलला थांबतो. या खेळात सिग्नल तोडला म्हणून पोलीस मागे लागत नाहीत, हे सोसायटीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण भाऊ थांबतो, कारण तेवढ्या वेळात डिस्क पुढची गल्ली आणून ठेवते. हिरवा लागला तरी लाल दिवा विझेपर्यंत निघत नाही, लाल दिवा म्हणजे कॅबिनेटवरचा. मागची वाहनं हॉर्न वाजवतात, भाऊ हात वर करून त्यांना “जरा दम धरा” म्हणतो. गुन्हेगारीसाठी जगभर बदनाम झालेल्या त्या शहरात कायदा पाळणारा हा बहुधा एकमेव नागरिक असेल. घाई असली तर सायकल चोरतो. सायकलवर नकाशा नीट येतो.

“रोज तीन-तीन तास गाडीत असता,” वहिनी म्हणतात, “घरी आल्यावर पण गाडीच? आणि तीही अशी?”

त्याच्या उपायांची तर पोथी होईल. टेम्प फोल्डर रिकामं करणं, हे रोजचं. प्रीफेच फोल्डर रिकामं करणं, हे गुरुवारचं. त्यानं पुढच्या वेळी यंत्र उलट सावकाश सुरू होतं, पण फोल्डर स्वच्छ दिसतं. रात्री डिफ्रॅग लावून झोपणं, म्हणजे झोपणं नाहीच, कारण तो टक्केवारी पाहत बसतो. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडेवर मुलाच्या कंपासपेटीतला खोडरबर फिरवणं. ही शेवटची युक्ती खरोखर कामाची आहे, पण यंत्र चालूच होत नसेल तेव्हा. रबरानं घासून चारची आठ होत नाही. एकदा त्यानं ‘रॅम क्लीनर’ आणला. तो स्वतः रॅममध्ये मुक्कामाला आला आणि दर पाच मिनिटांनी बाकीच्यांना डिस्कवर हाकलू लागला. आकडा मोकळा दिसायचा, गेम आणखी अटकायचा. भाऊ आकड्यावर खूश होता.

खंडेनवमीला कारखान्यातली यंत्रं पुजली जातात, तेव्हा घरच्या यंत्रानं काय घोडं मारलंय? त्यालाही झेंडूचा हार पडतो. एका वर्षी पुढच्या पंख्यानं पाकळ्या आत ओढल्या आणि दसऱ्याभर कॅबिनेटमधून नारिंगी भुसा बाहेर येत होता. भाऊनं तो शुभशकुन मानला.

सगळ्यांवर कडी केली ती व्हर्च्युअल मेमरीनं. मेमरी कमी पडतेय अशी सूचना आल्यावर त्यानं सेटिंगमध्ये जाऊन डिस्कवरची ती पानं ठेवायची फाइल बारा जीबीची केली. सूचना यायची थांबली. गेम बंद पडायचाही थांबला. आता तो नुसता उभा राहायचा, कितीही वेळ.

एवढं वाचून कुणाला वाटेल की माणूस बुद्धीनं बेताचा असावा. इथेच गंमत आहे. हाच माणूस कंपनीत कायझेनच्या स्पर्धेत पहिला आला, आणि कशासाठी आला ते त्यानंच मला पार्किंगमध्ये, स्कूटरच्या सीटवर बोटानं रेघा मारत समजावून सांगितलं. त्याच्या असेंब्ली लाइनवर माणसं मोकळी बसायची. मशीन ठीक, माणसं ठीक, तरी उत्पादन निम्मं. भाऊनं व्हाय-व्हाय अ‍ॅनालिसिस केलं. लाइन का थांबली? हाताशी पार्ट नाही. पार्ट का नाही? ट्रॉली स्टोअरकडून येतेय. दर वेळी स्टोअर का? लाइनशेजारचं रॅक एवढंसं आहे, त्यात एका मॉडेलचेही सगळे पार्ट मावत नाहीत. एक बिन ठेवायचं तर दुसरं परत पाठवायचं, आणि तासाभरानं तेच परत मागवायचं. दिवसभर ट्रॉल्या पळताहेत, फोर्कलिफ्ट पळतेय, सगळे घामाघूम, आणि लाइन उभी.

“आणि वरून काय,” भाऊ म्हणाला, “मॅनेजर येऊन बघायचा. पोरं मोकळी दिसली की म्हणायचा, यांना काम कमी आहे, अजून एक ऑर्डर सोडा. झालं! त्या ऑर्डरच्या ट्रॉल्या वेगळ्या. होती ती लाइनपण गेली.”

मी त्याला सांगितलं की पीटर डेनिंग नावाच्या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञानं १९६८ साली हेच लिहून ठेवलंय. तेव्हाच्या मोठ्या संगणकांवर एका वेळी अनेकांची कामं चालत. मेमरी अपुरी पडली की सगळा वेळ पानं आत-बाहेर करण्यात जाई आणि प्रोसेसर रिकामा बसे. तो रिकामा दिसतोय म्हणून व्यवस्था त्याच्यावर आणखी कामं सोडी, आणि मग सगळंच कोलमडे. याला थ्रॅशिंग म्हणतात. प्रत्येक कामाला त्या घडीला खरोखर लागणारी पानं हाताशी मावली पाहिजेत, नाहीतर ते काम सुरूच करू नये, असा डेनिंगचा इलाज.

भाऊनं मन लावून ऐकलं. “बरोबर बोललाय. कुठल्या प्लांटला होता हा?”

त्याच्या कंपनीनं रॅक दुप्पट केलं, लाइन सुटली, भाऊला स्टेजवर बोलावून कॅसरोल दिलं. त्याच कॅसरोलमधली चपाती खात खात त्याच्या भाच्यानं तोफ डागली. भाचा आकुर्डीला डिप्लोमा करतो आणि गुरुवारी जेवायला येतो, म्हणजे लाइट नसलेल्या दिवशी. त्यामुळे बोलायला वेळ असतो.

“मामा, लाइनला रॅक दुप्पट केलं ना तुम्ही?”

“केलं की.”

“मग इथे का नाही करत?”

“इथं कुठं रॅक?”

“रॅम, मामा. रॅम म्हणजे तेच रॅक. हार्ड डिस्क म्हणजे तुमचं स्टोअर. तुम्ही काय केलंत, तर स्टोअर बारा जीबीचं केलंत आणि रॅक तेवढंच ठेवलंत.”

भाऊनं घास गिळला. बराच वेळ कॅबिनेटकडे पाहिलं. मग म्हणाला, “ते वेगळं. तो कंपनीचा पैसा.”

मला विचाराल तर पैशाचा प्रश्न नव्हताच. उजेडाच्या माऊसच्या पैशात चार जीबीची जुनी पट्टी केव्हाच आली असती. भाऊला जीटीए खेळायचा नसतो, जीटीए चालवून दाखवायचा असतो. अटकणारं यंत्र असेल तर गुरुवारी त्याच्याकडे माणसं येतात, टॉर्च धरतात, स्क्रू सांभाळतात, “भाऊ, आता करून बघा” म्हणतात. नुसतं खेळणाऱ्याला कोण विचारतं? सोसायटीत कुणाचाही लॅपटॉप हँग झाला की भाऊला बोलावणं येतं, आणि भाऊ तो कुशीवर वळवून, कान लावून, “डिस्क शंभर टक्के मारतीये” असं निदान करतो. ते निदान नेहमी बरोबर असतं. उपाय तो रिफ्रेशपासून सुरू करतो.

२०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या चिप उचलायला सुरुवात केली आणि घरगुती गिऱ्हाईक रांगेत मागे गेलं. भाच्यानं ही बातमी वाचून कपाळावर हात मारला. भाऊची छाती मात्र फुगली. “बघ, म्हणून मी म्हणत होतो घाई करू नको,” तो म्हणाला. कसली घाई, हे कुणालाच कळलं नाही. त्या आठवड्यात त्यानं आपली चार जीबीची पट्टी काढून पुन्हा एकदा खोडरबरानं पुसली आणि मुलाला दुरून दाखवली.

शेवटी भाच्यानंच चिंचवड स्टेशनजवळच्या एका जुन्या पार्टवाल्याकडून तशीच दुसरी पट्टी मिळवली. काचेचं दार उघडलं, तर मदरबोर्डवर पहिल्या पट्टीशेजारची खाच इतकी वर्षं मोकळीच होती. तिच्यात झेंडूची एक पाकळी निघाली. पट्टी टक्क करून बसली. लाइटही होती, कारण तो गुरुवार नव्हता. भाच्यानं मुद्दाम मंगळवार निवडला होता.

गेम सुरू झाला. लाल दिवा जरा वेळ लागला आणि विझला. विझलेलाच राहिला. खिडक्यांना काचा होत्या, झाडांना पानं होती, समुद्र होता तिथेच, रस्त्याच्या शेवटी होता. सगळ्यांनी “वा” केलं. भाऊनं सवयीनं सिग्नलला गाडी थांबवली, हिरवा लागल्यावरही थांबला. पोरं ओरडली, “भाऊ, पळवा आता!” त्यानं पळवली आणि पहिल्याच वळणाला हॉटेलात घातली. दुसऱ्यांदा फुटपाथवर. तिसऱ्यांदा पोलिसांच्या गाडीवर, आणि मग हेलिकॉप्टर आलं. इतकी वर्षं खेळून माणसाला गाडी वळवता येत नव्हती. वळवायची वेळच कधी आली नव्हती. पोरं थोडा वेळ हसली आणि आपापल्या मोबाइलकडे वळली. टॉर्च धरायला कुणी उरलं नाही.

त्यानंतर आठवडाभर भाऊ पार्किंगमध्ये गप्प असायचा. कंपनीतही त्या दुप्पट रॅकवर मॅनेजरनं तिसरं मॉडेल चढवलं होतं आणि ट्रॉल्या पुन्हा पळायला लागल्या होत्या. पुढच्या गुरुवारी शटडाऊन संपून दुपारी लाइट आली आणि थोड्या वेळानं भिंतीपलीकडून ओळखीची खर्र खर्र ऐकू आली. भाचा आणि मी जाऊन पाहिलं. भाऊनं गेमच्या सेटिंगमध्ये शोधून शोधून ‘पॉप्युलेशन डेन्सिटी’ नावाची एक पट्टी काढली होती आणि ती उजवीकडे जाईल तितकी नेली होती. शिवाय कुठून तरी भारतीय वाहनांचे मोड मिळवून टाकले होते. लॉस सँटोसच्या समुद्रकिनाऱ्यावर ट्रक, टेम्पो, रिक्षा आणि ट्रॅक्टर एकमेकांत अडकून उभे होते. लाल दिवा पेटला होता. भाऊ लाल खुर्चीत मागे रेलून, एक हात माऊसवर ठेवून, प्रसन्न चेहऱ्यानं हॉर्न वाजवत होता.

“अहो मामा,” भाचा कळवळून म्हणाला, “आता सगळं सुरळीत झालं होतं, एवढी गर्दी कशाला भरलीत?”

“मग?” भाऊ म्हणाला. “मोकळ्या रस्त्यावर कुणालाही चालवता येते.”